गुरूच्या चुंबकावरणाचे चित्रण

गुरूच्या चुंबकीय क्षेत्राची हुकमत जिथवर चालते, तो प्रभारित कणांनी भरलेला प्रदेश म्हणजे गुरूचे चुंबकावरण. सूर्याच्या विरुद्ध दिशेला त्याची शेपटी थेट शनीच्या कक्षेपर्यंत लांबते. ते दिसू शकले असते, तर पृथ्वीच्या आकाशात पौर्णिमेच्या चंद्राहून मोठे दिसले असते. पण डोळ्यांना किंवा साध्या दुर्बिणीला त्याचा मागमूस लागत नाही. या अदृश्य प्रदेशाचे चित्र बाहेरून टिपण्याचे काम शनीकडे निघालेल्या कॅसिनी यानाने वाटेत केले. वेग वाढवण्यासाठी गुरूच्या गुरुत्वाकर्षणाचा आधार घेत हे यान 30 डिसेंबर 2000 रोजी त्याच्यापासून सुमारे 97 लाख किमी अंतरावरून गेले.

त्याआधी 1973 मध्ये पायोनियर 10 आणि 1979 मध्ये दोन्ही व्हॉयेजर याने चुंबकावरणाच्या आतून गेली होती, तर गॅलिलिओ यान 1995 पासून गुरूभोवतीच फिरत होते. आतले यान मात्र ज्या जागी असेल तिथलेच कण मोजते. अंगणातल्या पर्जन्यमापकावरून पाऊस किती पडला ते कळते, ढग केवढा आहे ते कळत नाही. संपूर्ण आकार पाहायचा तर लांबच उभे राहावे लागते, म्हणूनच कॅसिनीचे दूरचे अंतर येथे उपयोगाचे ठरले.

अदृश्य कणांचे चित्र निघते कसे? चुंबकावरणातला आयन, म्हणजे इलेक्ट्रॉन गमावल्याने प्रभारित झालेला अणू, चुंबकीय रेषेभोवती गिरक्या घेत अडकून पडलेला असतो. तिथल्याच विरळ, थंड वायूतला एखादा अणू त्याला भेटला, तर आयन त्याच्याकडून एक इलेक्ट्रॉन हिसकावून घेतो आणि उदासीन, म्हणजे प्रभाररहित, होतो. उदासीन अणूवर चुंबकीय क्षेत्राची पकड नसते. त्यामुळे सुटका झाली त्या क्षणी तो ज्या दिशेने, ज्या वेगाने जात होता, तसाच सरळ निघतो. 50 हजार इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेच्या हायड्रोजन अणूचा वेग सेकंदाला सुमारे 3,000 किमी असतो. प्रकाशाला गुरूपासून कॅसिनीपर्यंत यायला 32 सेकंद लागत होते, तर या अणूला जवळजवळ तास. असे अणू कोणत्या दिशेने किती आले हे मोजत गेले की प्रकाशाशिवाय चित्र तयार होते.

हे मोजणारा ‘इन्का’ नावाचा कॅमेरा अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या उपयोजित भौतिकी प्रयोगशाळेने बनवला. तो ज्या उपकरणसंचाचा भाग होता त्याचे प्रमुख स्टॅमाटिओस क्रिमिगिस होते. कॅमेऱ्याच्या तोंडाशी उच्च विद्युतदाबाच्या पट्ट्या होत्या. प्रभारित कण तिथेच बाजूला वळत, उदासीन अणू आत शिरत. आत आलेला अणू एक अतिपातळ पापुद्रा भेदताना इलेक्ट्रॉन उडवी, तिथे घड्याळ सुरू होई. पाठीमागच्या पडद्यावर तो आदळला की घड्याळ थांबे. दोन्ही जागांवरून दिशा कळे, मधल्या वेळावरून वेग.

यातून हाती आलेले चित्र अगदी धूसर होते. यानावरून गुरूचे बिंब एक अंशाहूनही लहान दिसत होते आणि युरोपा या उपग्रहाची कक्षा त्याच्या दोन्ही बाजूंना जेमतेम चार-चार अंशांवर होती. हात लांब करून मूठ धरली, तर ती सारी कक्षा मुठीआड लपली असती. अणू इतके तुरळक की चित्रासाठी कित्येक तास मोजणी करावी लागे, आणि तेवढ्यात दहा तासांत स्वतःभोवती फिरणारा गुरू बराच वळलेला असे. तरीही त्या धूसर ठिपक्यांतून या भेटीतला सर्वांत मोलाचा शोध लागला. बॅरी मॉक आणि सहकाऱ्यांनी कॅमेऱ्यामुळे येणारी अस्पष्टता गणिताने काढून टाकली, तेव्हा गुरूच्या दोन्ही बाजूंना युरोपाच्या कक्षेलगत उजळ भाग उरले. तिथे मेदुवड्यासारखे वायूचे कडे होते, सुमारे 60 हजार टनांचे. 2003 मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. आयओ या उपग्रहावर ज्वालामुखी आहेत, तो सेकंदाला टनभर वायू गुरूभोवती सोडतो. त्याच्याभोवती वायू असणे समजण्यासारखे होते. युरोपा तर बर्फाचा गोळा. पण ऊर्जावान कणांचा मारा त्या बर्फातून पाण्याचे रेणू उडवतो, ते फुटतात आणि तो वायू कक्षेभर पसरतो.

अशा चित्राची मर्यादाही ध्यानात घ्यावी लागते. आयन आणि थंड वायू दोन्ही असतील तिथेच ते उजळते. आयन कितीही असले आणि वायू नसला, तर ती जागा काळीच राहते. शिवाय दृष्टिरेषेवरचे सगळे अणू एकात एक मिसळतात. म्हणून या चित्राला आतल्या मोजणीची जोड हवीच. त्या हिवाळ्यात गॅलिलिओ गुरूजवळच असल्याने दोन यानांनी एकाच वेळी निरीक्षणे करण्याची दुर्मीळ संधी मिळाली.

भारताच्या चांद्रयान-1 वरील ‘सारा’ या उपकरणानेही उदासीन अणूंच्याच आधारे चंद्रपृष्ठावरच्या एका छोट्या चुंबकीय प्रदेशाचे चित्र टिपले होते. गुरूसाठी आता ‘जेनी’ हा नवा कॅमेरा 14 एप्रिल 2023 रोजी निघालेल्या युरोपीय ‘ज्यूस’ यानावर आहे. ते 2031 मध्ये पोचेल आणि युरोपाच्या जवळून दोनदा जाईल.