पार्श्वभूमी : एंडोमेट्रिओसिसचे निदान आणि ‘नॉन-इन्व्हेसिव्ह’ या शब्दाचा घोळ

संशोधनात नुकतीच आलेली एखादी तरुणी आज लाळेत किंवा पाळीच्या रक्तात एंडोमेट्रिओसिसची (गर्भाशयाच्या अस्तरासारखे पेशीजाल गर्भाशयाबाहेर वाढण्याच्या आजाराची) खूण शोधू लागते, तेव्हा तिच्या वाट्याला येणारा, निदान नेमके कशाने मानायचे हा वाद फार जुना नसतो. 1860 मधले व्हिएन्नातले वर्णन, 1920च्या दशकात अमेरिकेत रूढ झालेले नाव, हे सगळे पाठ्यपुस्तकांत आहेच. गुंता झाला तो पुढे, दुर्बीण आल्यावर. 1970च्या दशकापासून लॅपरोस्कोपी, म्हणजे पोटाला छोटा छेद देऊन दुर्बिणीने आत पाहणे, रुळली आणि आत डोळ्यांनी पाहिल्याशिवाय, जमल्यास तुकडा तपासल्याशिवाय, निदान मानायचे नाही असा दंडकच पडला. भूल, टाके, खर्च. दुखणे सुरू झाल्यापासून आजाराचे नाव कळेपर्यंत अनेक देशांत सात-दहा वर्षे जातात, त्यामागे हेही एक कारण आहे. (‘पाळीत दुखायचंच’ म्हणणारी घरे आहेत, तसे दवाखानेही आहेत.)

रक्ततपासणीचा मार्ग निघाला होता. 1981 मध्ये पुढे आलेले सीए-125 हे रक्तातले प्रथिन मुळात अंडाशयाच्या कर्करोगासाठीचे. ते एंडोमेट्रिओसिसमध्ये वाढते, पण ओटीपोटातल्या संसर्गात आणि साध्या पाळीतही वाढते. 2016 मध्ये अशा अनेक खुणांचा एकत्र आढावा घेतला गेला. शस्त्रक्रियेची जागा घेईल अशी एकही निघाली नाही.

मग राहिली सोनोग्राफी, आणि इथेच शब्द अडकतो. शोधनिबंधांत छेद नाही, भूल नाही ते सहसा ‘नॉन-इन्व्हेसिव्ह’. त्या हिशेबाने योनीमार्गातून केलेली सोनोग्राफीही त्यातच मोडते. आपल्याकडे तिला ‘आतून सोनोग्राफी’ म्हणतात आणि त्याआधी प्रश्न येतो, ‘लग्न झालंय का?’ नाही म्हटले की भरल्या लघवीने पोटावरून तपासणी. चॉकलेट सिस्ट (या आजारात अंडाशयात होणारी, जुन्या रक्ताने भरलेली गाठ) असेल तर त्यात दिसेलही, पण गर्भाशयामागच्या खोल गाठी सहज निसटतात आणि रिपोर्ट ‘नॉर्मल’ येतो. विचारायचे असते शरीरसंबंधाचे, विचारले जाते लग्नाचे. ज्या वयात अनेकींचे दुखणे सुरू होते, तेच वय चांगल्या तपासणीतून गळते. काही ठिकाणी अशा मुलींसाठी एमआरआय सुचवतात, पण तो सगळ्यांना परवडत नाही. लाळेची तपासणी आणि ही ‘आतून सोनोग्राफी’ एकाच शब्दात बसवणाऱ्यांनी टेबलावर झोपणाऱ्या बाईला विचारलेले दिसत नाही.

2022 मध्ये युरोपातल्या तज्ज्ञ संघटनेने दंडक सैल केला. लॅपरोस्कोपी आता सरसकट नाही. सोनोग्राफी किंवा एमआरआयमध्ये काही दिसले नाही, अथवा औषधांनी गुण आला नाही, तरच. मात्र निदानासाठी रक्तातल्या खुणा वापरू नका, हेही त्याच मार्गदर्शिकेत होते. त्याच वर्षी फ्रान्समधून लाळेतल्या 109 मायक्रोआरएनएंवर (जनुकांचे काम नियंत्रित करणाऱ्या छोट्या रेणूंवर) आधारलेल्या चाचणीचे निकाल आले. आकडे भुरळ घालणारे होते, पण तपासलेल्या 200 जणींना आधीपासूनच आजाराचा संशय होता. तिथल्या आरोग्य यंत्रणेने चाचणी सरसकट न स्वीकारता, आणखी माहिती गोळा करण्याच्या अटीवर मर्यादित वापरापुरती पुढे नेली.

तरुण संशोधकांची अडचण याहून साधी आहे. नवी चाचणी खरी की खोटी, हे ठरवायला तुलना लागते आणि ती अजूनही बहुधा लॅपरोस्कोपीशीच होते. त्यातही ‘आजार नाही’ हे सिद्ध झालेल्या बायका हव्यात, आणि निरोगी बाईच्या पोटात कुणी विनाकारण दुर्बीण घालत नाही. मग नसबंदीसाठी किंवा वंध्यत्वाच्या तपासणीसाठी लॅपरोस्कोपी करून घेणाऱ्या बायकांची संमती मिळवत बसायचे. दोन-तीन वर्षांच्या फेलोशिपमधला बराच काळ ऑपरेशन थिएटरबाहेर नमुन्यांची वाट पाहण्यात जातो.