चूक कोणाची, चकतीची की मुलाची?

'तंत्रज्ञान हे निव्वळ साधन, चांगलं वापरलं तर चांगलं' असं शिक्षणाच्या चर्चेत हमखास ऐकू येतं. शिकवणारं यंत्र एकदा उघडून पाहिलं की हे पटेनासं होतं. शिकणं म्हणजे काय, याबद्दलचं बनवणाऱ्याचं मत त्याच्या तरफांतच बसवलेलं असतं.

अमेरिकेतल्या ओहायो राज्य विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ सिडनी प्रेसी यांचं १९२० च्या दशकातलं यंत्र घ्या. खिडकीत प्रश्न आणि त्याचे चार पर्याय, शेजारी दर पर्यायाची एक अशा चार कळा. शिकवण्यासाठी लावलं, तर बरोबर कळ दाबेपर्यंत पुढचा प्रश्न येत नसे. आजची बरीच प्रश्नमंजुषा ॲपं याच जातीची. टाळ्यांचा आवाज तेवढा नवा.

हार्वर्ड विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांना हे पर्यायच खटकले. चुकीचा पर्याय पटेल असा लिहावा लागतो, आणि नेमका तोच डोक्यात बसतो. 'अशिर्वाद' चार वेळा डोळ्यांखालून गेला की 'आशीर्वाद' लिहिताना हात अडखळणारच. म्हणून त्यांच्या यंत्रात उत्तर स्वतः लिहायचं. १९५८ मध्ये त्यांनी वर्णन केलेल्या यंत्रात १२ इंची चकतीवर ३० चौकटी, म्हणजे छोटे छोटे प्रश्न, होत्या; खिडकीत एका वेळी एकच. उत्तर कागदाच्या पट्टीवर लिहून तरफ उचलली की पट्टी पारदर्शक झाकणाखाली सरकते आणि खरं उत्तर उघडं पडतं. आता खाडाखोड नाही. जुळलं तर तरफ आडवी ढकलायची; पट्टीला भोक पडतं आणि दुसऱ्या फेरीत ती चौकट गाळली जाते.

खरी करामत मात्र चौकटी लिहिण्यात. समजा 'आशीर्वाद' शिकवायचा आहे. पहिल्या चौकटीत पूर्ण शब्द बघून उतरवायचा. दुसरीत 'आ_र्वाद', सोबत 'शीतल'मधलं पहिलं अक्षर आठवा अशी खूण. तिसरीत दोन जागा रिकाम्या, खूण नाही. शेवटी 'आजीने नातवाला ____ दिला'. आधार असा हळूहळू काढून घेतात. खूण जास्त झाली की मूल वाक्य न वाचताच जागा भरतं. कमी झाली की अडतं. बरीच मुलं एकाच चौकटीत चुकली, तर स्किनरच्या हिशेबी दोष चौकटीचा, आणि ती पुन्हा लिहायची. 

म्हणजे स्किनरच्या यंत्रात चूक ही टाळायची गोष्ट. १९६७ मध्ये फॉयर्झाइग, पेपर्ट आणि सॉलोमन या संशोधकांनी मुलांसाठी केलेल्या 'लोगो' या संगणकभाषेत मात्र चुकीवरच सगळी मदार. त्यातलं 'कासव' म्हणजे सांगितल्याप्रमाणे सरकत मागे रेघ ओढणारी आकृती. त्याला समभुज त्रिकोण काढायला सांगताना मूल 'पुढे १००, उजवीकडे ६०' असं तीनदा लिहितं, कारण त्रिकोणाचा कोन ६०° हे पाठ असतं. निघतो अर्धा षटकोन, तोंड उघडं. कासव 'चूक' म्हणत नाही, सांगितलेलं काढून थांबतं. मग जमिनीवर स्वतः त्रिकोण चालून बघायचं. कोपऱ्यावर आपण आतला ६०° चा कोन वळत नाही, बाहेरचा १२०° चा वळतो. फेरी पुरी होऊन तोंड पुन्हा मूळ दिशेला आलं की एकूण वळण ३६०°, त्याचे तीन भाग १२०. पंचकोनाला ७२ लागतील, हे मग कोणी सांगावं लागत नाही.