ग्राउंड लूप की व्हीलबॅरो?

लहान विमान उतरलं, चाकं टेकली आणि मग भलतीकडेच वळून धावपट्टीशेजारच्या गवतात शिरलं. बघणारे सरसकट म्हणतात, ‘ग्राउंड लूप झाला.’ पण विमान नाकाखाली चाक असलेली सेस्ना १७२ असेल, तर मला आधी व्हीलबॅरोची, म्हणजे भार नाकाच्या चाकावर जाण्याची, शंका येते.

ग्राउंड लूप, म्हणजे जमिनीवर धावताना विमानाने घेतलेली बेकाबू गिरकी, हा शेपटीखाली चाक असलेल्या विमानांचा जुना आजार. एकेकाळी आपल्या फ्लाइंग क्लबांमध्ये उडणारं एचएएलचं पुष्पक (पहिलं उड्डाण १९५८) याच जातीचं. मुख्य चाकं पुढे, गुरुत्वमध्य त्यांच्या मागे. बैलगाडी जू धरून ओढली की मुकाट मागून येते. तीच उलटी ढकलत न्या, दांडी जराशी तिरपी झाली की गाडी आडवी होते. इथेही नाक थोडं डावीकडे गेलं की मागचं वजन पुढे यायला बघतं आणि वळण आणखी आवळतं. शेवटी गिरकी. बाहेरच्या बाजूचा पंख जमिनीला घासतो, कधी चाकाचा पायच मोडतो. आणि हे बरेचदा वेग उतरल्यावर होतं: रडरवरून (शेपटीवरच्या, विमान डावी-उजवीकडे वळवणाऱ्या उभ्या झडपेवरून) जाणारी हवा मंदावल्याने त्याचा जोर ओसरलेला असतो, आणि वैमानिक नेमका तेव्हाच सैलावतो.

शेपटीचाकी सेस्ना १७० ला नाकाखाली चाक देऊन १९५६ मध्ये १७२ बाजारात आली. गुरुत्वमध्य मुख्य चाकांच्या पुढे गेला, त्यामुळे विमान आपणहून सरळ होऊ पाहतं. ही सोय वैमानिक स्वतःच्या हाताने घालवू शकतो. वेग जास्त, विमान टेकायला तयार नाही, म्हणून तो योक (नाक वर-खाली करायचं हातातलं सुकाणू) पुढे दाबतो. भार नाकाच्या चाकावर येतो. पंखांत अजून उचल असल्याने मागची चाकं जेमतेम टेकलेली. बांधकामावरची एकचाकी ढकलगाडी, म्हणजे व्हीलबॅरोच! जमीन धरणारं चाक पुढे, वजन मागे, म्हणजे पुष्पकचीच अवस्था, तीही जास्त वेगात. ब्रेक दाबून फारसं काही होत नाही, कारण ते त्या हलक्या चाकांनाच असतात. त्यात आडव्या वाऱ्यासाठी रडरचं पेडल दाबलेलं असेल, तर त्याला जोडलेलं नाकाचं चाक टेकताच हिसका देतं.

दोन्हींत हात मागेच ओढायचा, कारणं मात्र उलटी. पुष्पकमध्ये शेपटीचं चाक जमिनीवर दाबून ठेवायला, पायाने रडरच्या छोट्या छोट्या दुरुस्त्या करत. सेस्नात नाकावरचा भार काढायला, आणि तोही बेताने. एवढ्या वेगात जोरात ओढलं तर विमान पुन्हा हवेत उठेल. पुढे धावपट्टी पुरेशी असेल आणि विमान अजून सरळ असेल, तर सरळ पॉवर देऊन गो-अराउंड करावा, म्हणजे पुन्हा उड्डाण घेऊन नव्याने उतरावं.