सैनिकी देणी, अमेरिकन क्रांतीनंतरची

अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धात (१७७५–८३) काँटिनेंटल सैन्यात (बंडखोर वसाहतींच्या संयुक्त सैन्यात) लढलेल्या शिपायांचा थकलेला पगार, त्यापोटी मिळालेली प्रमाणपत्रे (पुढे पैसे देण्याची लेखी हमी), कबूल केलेली जमीन आणि पुढे मिळालेले निवृत्तिवेतन यांचा या नोंदीत विचार केला आहे. नव्या राष्ट्राची झळ सामान्य माणसाला कशी लागली, हे या कागदांवरून जितके स्पष्ट कळते तितके राजकीय जाहीरनाम्यांवरून कळत नाही.

साध्या शिपायाचा पगार महिना ६⅔ डॉलर होता. तो काँग्रेसने (सर्व राज्यांच्या संयुक्त प्रतिनिधी सभेने) छापलेल्या कागदी चलनात मिळे, आणि तोही अनेकदा महिनोन्महिने मिळत नसे. चलन इतके घसरले, की मार्च १७८० मध्ये काँग्रेसनेच ४० कागदी डॉलर म्हणजे १ चांदीचा डॉलर असा दर मान्य केला. पगारातील ही तूट राज्यांनी भरून द्यावी असे ठरले. बहुतेक राज्यांनी रोकड न देता स्वतःची प्रमाणपत्रे दिली. १७८३ च्या उन्हाळ्यात सैन्याला रजा देऊन घरी धाडले, तेव्हा शिपायाच्या हाती बंदूक आणि फार तर तीन महिन्यांच्या पगाराच्या वचनचिठ्ठ्या होत्या. बाकीचा हिशेब मागाहून होणार होता.

तो हिशेब वेतनाधिकारी जॉन पियर्स यांच्या कचेरीने केला. त्यातून निघालेल्या अंतिम हिशेबाच्या प्रमाणपत्रांची संख्या सुमारे ९३,००० भरते. रक्कम डॉलर व डॉलरचा नव्वदावा भाग अशी लिहीत. पेनसिल्व्हेनियाच्या हिशेबात एक डॉलर म्हणजे साडेसात शिलिंग, अर्थात ९० पेन्स, हे त्याचे कारण असावे. व्याज सालीना ६ टक्के. पण ते द्यायला काँग्रेसच्या तिजोरीत पैसा नव्हता, कारण कर बसवण्याचा अधिकारच तिला नव्हता. प्रमाणपत्र मूळ शिपायाच्या नावाने निघे, पण ‘अथवा धारकास’ देय असे. त्यामुळे ते हातोहात विकता येई आणि मधल्या खरेदीविक्रीची नोंद कुठेच राहत नसे.

शिपायांनी ही प्रमाणपत्रे केव्हा व का विकली, या वादाचे मूळ याच रचनेत आहे. नोंदवह्यांत पहिले नाव सापडते आणि १७९० नंतर कागद सरकारकडे जमा करणाऱ्याचे सापडते. मधला प्रवास दिसत नाही. एका जुन्या मतानुसार चतुर सट्टेबाजांनी अडाणी शिपायांना फसवले. दुसरे मत असे, की विक्री बव्हंशी गरजेपोटी झाली: कर आणि सावकाराचे देणे नाण्यांत मागितले जाई, आणि घरात कागदच होता. १७८० च्या दशकाच्या मध्यास बाजारभाव दर्शनी (कागदावर लिहिलेल्या) किमतीच्या सुमारे १० ते १५ टक्के होता, हे लक्षात घेता दुसरे मत अधिक पटते. फसवणुकीची उदाहरणे त्याने खोटी ठरत नाहीत.

मॅसॅच्युसेट्समध्ये कराचा हा ताण सर्वाधिक जाणवला. राज्याचे युद्धकर्ज फेडण्यासाठी जमीन व डोईपट्टी यांवर जड कर बसले. ऑगस्ट १७८६ मध्ये नॉर्थँप्टनचे न्यायालय जमावाने बंद पाडले. माजी कॅप्टन डॅनियल शेज यांच्या नावाने ओळखले जाणारे हे बंड फेब्रुवारी १७८७ पर्यंत मोडले.

१७९० मध्ये अर्थमंत्री अलेक्झांडर हॅमिल्टन यांच्या योजनेने प्रमाणपत्रांना पूर्ण दर्शनी किंमत मिळाली, पण ती त्या वेळच्या धारकाला. धारकाला आतापर्यंतचा सर्वोच्च बाजारभाव आणि उरलेली रक्कम मूळ शिपायाला द्यावी, ही प्रतिनिधिगृहाचे सदस्य जेम्स मॅडिसन यांची सूचना त्या सभागृहाने ३६ विरुद्ध १३ मतांनी फेटाळली. प्रमाणपत्रांच्या बदल्यात मिळालेले नवे सरकारी रोखेही एकजिनसी नव्हते: मुद्दलाच्या दोन तृतीयांशावर ६ टक्के व्याज लगेच सुरू झाले, उरलेल्या तृतीयांशावर १८०१ पासून, थकलेल्या व्याजाला ३ टक्क्यांचे रोखे मिळाले.

युद्ध संपेपर्यंत नोकरी करणाऱ्या शिपायाला १७७६ मध्ये १०० एकर जमीन कबूल झाली होती. १७९६ च्या कायद्याने त्यासाठी ओहायोत प्रदेश राखला; मात्र किमान तुकडा ४,००० एकरांचा ठेवला. म्हणजे जमीन मिळवायला ४० शिपायांची हक्कपत्रे एकत्र हवीत. एकट्याला ते अशक्य होते, म्हणून हक्कपत्रेही दलालांकडे गेली. १८०० मध्ये १०० एकरांचे तुकडे मंजूर झाले, तोवर अनेकांनी ती विकून टाकली होती.

निवृत्तिवेतन १८१८ मध्ये आले, युद्ध संपून ३५ वर्षे झाल्यावर: गरजू शिपायाला महिना ८ डॉलर. अर्जांचा पूर लोटताच १८२० पासून न्यायालयात शपथेवर मालमत्तेची यादी देणे सक्तीचे झाले. अंगावरचे आवश्यक कपडे व अंथरूण वगळता सगळे लिहावे लागे. अनेकांची नावे यादीतून कापली गेली. गरिबीची अट नसलेला व्यापक कायदा १८३२ चा. विधवांना सर्वसाधारण हक्क १८३६ मध्ये मिळाला, तोही सेवा संपण्यापूर्वी विवाह झाला असल्यास.

अमेरिकेच्या बाजूने लढलेल्या ओनायडा, टस्करोरा व स्टॉकब्रिज या मूळनिवासी जमातींच्या लोकांना १७९४ च्या तहाने नुकसान व सेवेबद्दल ५,००० डॉलर देण्यात आले.