जुन्या अमेरिकन चमच्यावर ९२५ का नसते?

आमच्याकडचा जुना अमेरिकन चमचा हातात घेतला की गिऱ्हाईक तो उलटा करून बघते आणि विचारते, "९२५ कुठे दिसत नाही, चांदी खरी ना?" ९२५ म्हणजे हजारात ९२५ भाग शुद्ध चांदी असल्याचा शिक्का. रास्त प्रश्न आहे, म्हणून हे पत्रक.

इंग्लंडात चांदीच्या भांड्याचा कस तपासून शिक्के मारणाऱ्या कचेऱ्या होत्या. अमेरिकेतल्या वसाहतींत तशी एकही नव्हती. बॉस्टन, न्यूयॉर्क, फिलाडेल्फियाचे कारागीर फक्त आपले नाव किंवा आद्याक्षरे ठोकत, हमी तेवढीच. माल बहुधा गिऱ्हाईकच आणे: स्पॅनिश डॉलर, नाहीतर घरातली चेपलेली भांडी. ती मुशीत वितळवायची, लगड ओतायची, ठोकून पत्रा करायचा आणि अधूनमधून तावत तो ऐरणीवर वाडग्याच्या आकाराला आणायचा. शेवटी मठारकाम, म्हणजे हलके ठोके देऊन पृष्ठभाग एकसारखा करणे. नाण्यांचीच चांदी असल्याने कस साधारण ९० टक्के भरतो. पुढे अशा मालावर 'कॉइन' असा शिक्का येऊ लागला. 'स्टर्लिंग', म्हणजे ९२.५ टक्के, हा शिक्का तिथे रुळला तो एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात.

वसाहतींच्या काळी बँका नव्हत्या, त्यामुळे भांडी हीच ठेव. चोरीला गेली तर ओळखता यावीत म्हणून त्यांवर अक्षरे कोरून घेत. तीन अक्षरांचा त्रिकोण दिसला तर वरचे आडनावाचे, खालची दोन नवरा-बायकोची.

सर्वांत गाजलेला कारागीर बॉस्टनचा पॉल रिव्हिअर. ब्रिटिश गव्हर्नरच्या दबावाला न जुमानणाऱ्या ९२ लोकप्रतिनिधींच्या सन्मानार्थ त्याने १७६८ मध्ये ४५ औंसांचा, म्हणजे सुमारे १२० तोळ्यांचा, वाडगा घडवला. तो आज बॉस्टनच्या ललित कला संग्रहालयात आहे. रिव्हिअरच्या नावाचे खोटे शिक्केही बाजारात आहेत. कोणी स्वस्तात देऊ लागले तर हात आखडता घ्या. आमच्याकडे त्याचे काही नाही. आणि शिक्का मालकाचा असला तरी हात अनेकांचे असत: शिकाऊ पोरे, चार्ल्स्टनसारख्या गावी गुलाम कारागीरसुद्धा.

वापरा, जरूर वापरा. मात्र अंड्याने चांदी काळी पडते आणि मिठाने खड्डे पडतात, तेव्हा जेवण झाल्यावर लगेच धुऊन कोरडी करा. डिशवॉशर नको. टूथपेस्ट, राख, रांगोळी तर नकोच. आणि चमचा आमच्याकडे दाखवायला आणणार असाल तर पाठ घासून चकचकीत करू नका. शिक्का पुसट झाला की कारागिराचे नाव लावणे आम्हालाही जमत नाही.