ओठ नुसता शिवून भागत नाही

दुभंगलेल्या ओठाचं बाळ जन्मलं की धीर द्यायला कुणीतरी म्हणतंच, "दोन टाके घातले की झालं." हेतू चांगला असला, तरी गोष्ट इतकी सोपी नाही.

आरशात आपला वरचा ओठ पाहा. नाकाखाली उथळ पन्हळ, तिच्या दोन उभ्या कडा आणि खाली धनुष्यासारखी कमान. गर्भाच्या चौथ्या ते सातव्या आठवड्यात चेहऱ्याचे उंचवटे एकमेकांना येऊन मिळतात, तेव्हा हे सगळं घडतं. ही जुळणी अपुरी राहण्यामागे जनुकं, आईचं धूम्रपान, काही औषधं अशी कारणं असू शकतात. ग्रहणाचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही. ही समजूत अनेक देशांत आहे आणि तिच्यापायी आईला बोल लावला जातो, याची मला चीड येते.

खरी अडचण उंचीची आहे. फटीच्या काठाशी ओठ आखूड असतो, कमानीचं टोक नाकाकडे ओढलेलं असतं. काठ तासून सरळ रेषेत शिवले तर व्रण भरताना आखडतो आणि ओठ आणखी वर खेचला जातो. मग उंची आणायची कुठून?

सर्जन टेनिसन यांनी १९५२ मध्ये फटीच्या बाहेरच्या, म्हणजे गालाकडच्या बाजूचा त्रिकोणी पदर (ओठाला जोडलेलाच राहणारा तुकडा) आतल्या, म्हणजे पन्हळीकडच्या बाजूच्या छेदात बसवला. मोजमाप नेमकं जमतं, पण नागमोडी व्रण खालच्या भागात पन्हळीत शिरतो. राल्फ मिलार्ड यांनी १९५५ साली वेगळी वाट मांडली. नाकाच्या बुडाशी वक्र छेद घेतला की आतला भाग फिरून खाली उतरतो. वर पडलेल्या जागेत बाहेरचा पदर सरकवायचा. व्रण बराचसा पन्हळीच्या कडेवर पडतो. फट रुंद असेल तर मात्र उंची कमी पडू शकते. फिशर यांच्या २००५ च्या पद्धतीत कडेवरचा व्रण आणि ओठाच्या लालीलगत छोटासा त्रिकोण यांचा मेळ आहे. निर्विवाद सरस अशी एकच पद्धत नाही. सर्जनचा हात कशावर बसलाय, यालाही मोल आहे.

शस्त्रक्रिया साधारण तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात होते. त्याआधी काही ठिकाणी तोंडात प्लेट लावून हिरड्या आणि नाकाला आकार देणारी लवचीक कूर्चा वळवतात, कारण नवजात बाळाची कूर्चा मऊ असते.

कातडीखाली तोंडाभोवतीचा गोल स्नायू असतो. फटीमुळे त्याची टोकं नाकाच्या बुडाशी चिकटलेली असतात, म्हणून बाळ रडलं की फटीशेजारी फुगवटा येतो. ती टोकं सोडवून एकमेकांना जोडावी लागतात. जोड कसा बसला, हे झोपलेल्या बाळाकडे पाहून कळत नाही. पुढे मूल ओठांचा चंबू करून शीळ घालायला लागतं, तेव्हा दिसतं.