अडल्यावेळची सायकल-दुरुस्ती

पाना, पंक्चरचं सामान किंवा टायर-लिव्हर (टायर रिममधून उचकटायची पट्टी) जवळ नसताना, हाती लागेल त्या वस्तूनं सायकल पुढच्या दुकानापर्यंत चालती ठेवण्याची पद्धत. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात जांबोटी-कणकुंबीकडच्या रानवाटांवर तिची गरज जास्त पडते. पश्चिमेला जांभ्याचे खडे आणि करवंदीचे काटे, पूर्वेला बैलहोंगल-सौंदत्तीकडं चाकाला लपेटणारी काळी माती.

हवा गेली की आधी व्हॉल्व्ह बघावा. जुन्या पद्धतीच्या सायकलला व्हॉल्व्हच्या नळीवर बारीक रबर चढवलेलं असतं. ते चिरलं की ट्यूब धड असूनही हवा टिकत नाही. व्हॉल्व्हच्या तोंडावर थुंकी लावली की बुडबुडा दिसतो. रबराचं कुजलेलं टोक तोडून उरलेला तुकडा नळीच्या बाजूचं भोक झाकेल असा परत चढवायचा.

खरंच पंक्चर असेल तर भोक शोधायला शेताचा पाट पुरतो. पाणी नसेल तर ट्यूब ओठाजवळून फिरवावी. टायरच्या आतला काटा चिंधी फिरवून काढावा, बोटानं नको. मग हवा पूर्ण काढून, भोक टोकावर येईल अशी ट्यूब दुमडायची आणि खाली सुतळीनं किंवा जुन्या ट्यूबच्या पट्टीनं करकचून बांधायची. चार-पाच इंच ट्यूब कमी होते, ती रबराच्या ताणात भागते. भोक व्हॉल्व्हला अगदी लागून असेल तर हा उपाय नाही. हवा नेहमीपेक्षा कमीच भरावी. गाठीमुळं दर फेऱ्याला ठोका बसतो, तो बसणारच. टायर चढवताना शेवट व्हॉल्व्हपाशी करावा आणि समोरची कड रिमच्या खोलगट भागात दाबून ठेवावी, म्हणजे हातानं बसतो. स्क्रू-ड्रायव्हर घातला की दुसरं पंक्चर ठरलेलं.

ट्यूब फाटलीच तर टायरमध्ये भाताचं पिंजर भरतात. ते किंचित ओलं करून, पीळ देऊन, ठासून भरावं. सैल भरलं की थोड्याच अंतरात बसतं आणि रिम दगडावर आपटते. घाटाच्या उतारावर अशी सायकल हातात धरूनच न्यावी, कारण ब्रेक मारला की टायर निसटतो.

चेन तुटल्यास खाली मोठा नट ठेवून खिळा-दगडानं पिन सरकवतात. पिन बाहेरच्या पट्टीत थोडी अडकलेली राहिली पाहिजे. पूर्ण निघाली तर परत बसवणं जवळजवळ अशक्य. एक बाहेरची आणि एक आतली अशी कड्यांची जोडी काढली की चेन एक इंच आखूड होते. गिअरची सायकल असेल तर त्यानंतर मोठ्या चक्रीवर गिअर टाकू नये.

तुटलेली स्पोकची तार शेजारच्या तारेला गुंडाळावी. चाक ब्रेकला घासत असेल तर ब्रेक सैल करावा.

कॉटर पिन, म्हणजे पायडलचा दांडा (क्रँक) मधल्या आसाला धरून ठेवणारी खीळ, ढिली झाली की पायडल दर फेऱ्याला कचकन हलतं. नट आवळून पिन ओढू नये, आटे जातात. क्रँकखाली दुसरा दगड टेकवून पिनेच्या जाड टोकावर ठोकावं, मगच नट घट्ट करावा. खाली आधार नसेल तर तो घाव बॉल-बेअरिंगवर बसतो.